गांजा कायदेशीर करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक आधी बाजू ठरवतात आणि मग पुरावे गोळा करतात. खाली दोन्ही बाजूंचे मुद्दे दिले आहेत, पण लिहिणाऱ्याला स्वतःचं मत नाही असा आव आणलेला नाही. माझं मत असं की वापरणाऱ्याला तुरुंगात टाकणं चूक आहे आणि गांजा साबण-शाम्पूसारखा जाहिराती करून विकू देणं हीही चूकच. या दोन टोकांमध्ये बरीच जागा आहे. खरी चर्चा तिथे व्हायला हवी.

‘कायदेशीर करणं’ म्हणजे नक्की काय?

निम्मा गोंधळ या प्रश्नापाशीच होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

डॉक्टरने लिहून दिलं तरच औषध म्हणून मिळेल, ही सगळ्यात मर्यादित सूट. त्यानंतर येतं जवळ बाळगण्याचा गुन्हा रद्द करणं. थोडा गांजा सापडला तर फौजदारी खटला होत नाही. दंड होतो, समुपदेशनाला जावं लागतं किंवा काहीच होत नाही. विक्री मात्र गुन्हाच राहते. तिसरा प्रकार घरी झाडं लावायला किंवा ना-नफा क्लबमधून मिळवायला परवानगी देण्याचा. यात दुकान नसतं, जाहिरात नसते. आणि चौथा म्हणजे परवाना, कर, दुकान, ब्रँड या सगळ्यासकट उघड बाजार.

पोर्तुगाल दुसऱ्या प्रकारात मोडतो, जर्मनी तिसऱ्यात, अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य चौथ्यात. ‘तिकडे कायदेशीर केलं आणि असं झालं’ असं कोणी म्हणालं, की यातलं कुठलं ते आधी विचारावं. उत्तर बहुधा बदलतं.

गांजा, चरस, भांग, सीबीडी हे सगळं एकच ना?

झाड एकच, कॅनाबिस. मादी झाडाचा वाळलेला फुलोरा म्हणजे गांजा, त्यावरची राळ म्हणजे चरस किंवा हशीश, आणि भांग मुख्यतः पानांची. नशा आणतो तो टीएचसी हा घटक. त्याची रासायनिक रचना इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये उलगडली. सीबीडी त्याच झाडात असतं, पण त्याने नशा होत नाही.

धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे टीएचसीचं प्रमाण. अमेरिकेत जप्त झालेल्या गांज्यात १९९५ च्या सुमारास ते सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. अर्क काढून केलेल्या पदार्थांत ६० ते ८० टक्केही सापडतं. ‘आमच्या वेळी सगळे ओढायचे, कोणाला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांच्या वेळचा माल वेगळा होता.

बंदी आली ती शास्त्रीय पुरावा बघूनच ना?

बहुतांशी नाही. सरकारांनी मोठमोठ्या समित्या नेमल्या आणि त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं, असं या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

ब्रिटिश सरकारच्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने १८९३-९४ मध्ये अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि अनेक खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं, सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, कर आणि परवाने ठेवावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या चौकशीतला एक भाग आजही वाचण्यासारखा आहे. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदींत वेडाचं कारण म्हणून ‘गांजा’ असा शेरा जागोजागी होता. आयोगाने त्या नोंदी तपासल्या तेव्हा अनेक ठिकाणी काही चौकशी न करताच तो शेरा मारलेला निघाला.

१९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहाने हशीशचा विषय अफूसोबत आंतरराष्ट्रीय करारात शिरला. अमेरिकेने १९३७ मध्ये कराच्या नावाखाली बंदीच आणली. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या समितीने १९४४ मध्ये सांगितलं की गांज्यामुळे मोठे गुन्हे घडतात याला आधार नाही. १९७२ मध्ये शेफर आयोगाने शिफारस केली की स्वतःपुरता गांजा बाळगणं गुन्हा मानू नये. तो आयोग अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्याच कारकिर्दीतला, आणि निक्सन यांनीच तो धुडकावला.

बंदी घाईत आली म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही, हेही इथेच नोंदवतो. शेफर आयोगापुढे ८० टक्के टीएचसीचा अर्क नव्हता.

कायदेशीर करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?

शिक्षेने होणारं नुकसान. अमेरिकेत २००१ ते २०१० या दहा वर्षांत गांज्यावरून ८२ लाख अटका झाल्या आणि त्यातल्या ८८ टक्के फक्त जवळ बाळगल्याबद्दल होत्या. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांत वापराचं प्रमाण जवळपास सारखं, तरी कृष्णवर्णीय व्यक्तीला अटक होण्याची शक्यता ३.७३ पट होती. हे आकडे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेच्या २०१३ च्या अहवालातले. पोलिसांना ज्याची झडती घ्यायची असते, त्याच्याच खिशात गांजा सापडतो. बाकीच्यांचे खिसे कोणी बघत नाही.

अटकेनंतर नोकरी जाते, घर भाड्याने मिळत नाही, व्हिसा अडतो. सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांज्याची तस्करी सिद्ध झाली तर मृत्युदंड होऊ शकतो. गांज्याने शरीराचं होणारं नुकसान आणि कायद्याने आयुष्याचं होणारं नुकसान समोरासमोर मांडलं, तर अनेक देशांत दुसरं जड भरतं. हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. पण यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. दुकानं उघडावीत हे त्यातून आपोआप निघत नाही, आणि समर्थक हा पल्ला फार सहज ओलांडतात.

शुद्धतेचा मुद्दा याच्याच जोडीने येतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या साधनामुळे, फुप्फुसांच्या गंभीर आजाराची साथ आली. २,८०७ लोक रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू होते. दोष मुख्यतः काळ्या बाजारातल्या टीएचसी काडतुसांचा, म्हणजे व्हेपमध्ये बसवायच्या कुप्यांचा, निघाला, त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. तपासणी झालेल्या मालात असं काही सापडलं तर तो परत मागवता येतो आणि कोणाला तरी जाब विचारता येतो. गल्लीतल्या विक्रेत्याला कोण जाब विचारणार?

आणि विरोधाच्या बाजूचा?

लोक सहसा ‘तरुण पिढी बिघडेल’ म्हणतात. तो मुद्दा कमजोर आहे. भक्कम मुद्दा धंद्याच्या गणिताचा आहे.

दारूप्रमाणेच गांज्याच्याही विक्रीतला बहुतेक भाग थोड्या लोकांच्या बळावर चालतो. रोज किंवा जवळपास रोज घेणारेच एकूण मालातला सिंहाचा वाटा संपवतात. म्हणजे महिन्यातून एकदा घेणाऱ्या माणसावर कंपनी चालत नाही. तिला हवा असतो रोजचा गिऱ्हाईक, आणि तोच सगळ्यात जास्त धोक्यात असतो. नफ्यासाठी चालणारा उद्योग उभा केला की त्या माणसाला रोजचा ठेवण्यात कोणाचं तरी हित तयार होतं. मग लॉबी येते, कर कमी करा म्हणते, अर्काची मर्यादा नको म्हणते. तंबाखूने हे सगळं करून दाखवलेलं आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०२२ मध्ये रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे १ कोटी ७७ लाख निघाले. तेवढ्याच वारंवार दारू पिणारे होते १ कोटी ४७ लाख. १९९२ मध्ये रोज गांजा घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांहून कमी होती. ही सगळी वाढ कायद्यामुळेच झाली असं म्हणता येत नाही, कारण ती सुरू झाली तेव्हा दुकानं नव्हती. पण बाजार आल्यावर ती थांबलीही नाही.

दारू चालते, मग गांजा का नाही?

युक्तिवाद म्हणून हा गोड लागतो. दारूने यकृत जातं, हिंसा वाढते, एका रात्रीच्या अतिसेवनाने माणूस मरू शकतो. या तिन्ही बाबतींत गांजा सौम्य आहे. म्हणून ‘दारूला परवानगी आणि गांज्याला तुरुंग’ ही विसंगती खरीच.

पण दारू आजच नव्याने बाजारात येत असती, तर तिला आजच्याइतकी सूट आपण दिली असती का? एक घोडचूक झाली म्हणून दुसरीही तशीच करावी, हे काही समर्थन नव्हे. शिवाय गांजा आला म्हणून लोक दारू सोडतातच असं नाही. काही जण दोन्ही घेतात.

गांज्याचं व्यसन लागतं का?

लागतं. ‘लागतच नाही’ हा समर्थकांमधला जुना समज आहे. १९९४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासानुसार आयुष्यात कधीतरी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्यावर अवलंबून झाले. दारूसाठी तोच आकडा १५ आणि तंबाखूसाठी ३२ टक्के होता. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत गांज्याचं प्रमाण साधारण सहात एक धरलं जातं. एकदम सोडल्यावर चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं ही लक्षणं दिसतात, आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या पुस्तिकेत त्यांना अधिकृत जागा आहे.

वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या काहींना वारंवार उलट्यांचा विकार होतो. त्याचं वर्णन पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये केलं. गरम पाण्याने अंघोळ केली की रुग्णाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ही त्याची विचित्र खूण. यावरचा खरा उपाय एकच, गांजा बंद करणं.

गांज्याने वेड लागतं म्हणतात. खरं का?

सगळ्यात गंभीर प्रश्न हाच, आणि याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणारा कुठल्या तरी बाजूचा वकील असतो.

संबंध आहे, याबद्दल आता फारसा वाद नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या शिखरसंस्थांनी, म्हणजे नॅशनल अकॅडमीजनी, २०१७ मध्ये सगळं संशोधन चाळलं आणि सायकोसिसशी (भास, भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याशी) संबंधाचा पुरावा भरीव असल्याचं नोंदवलं. जितका वापर जास्त तितका धोका जास्त. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात मार्टा डी फोर्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी त्यांनी सायकोसिसचा पहिला झटका आलेले रुग्ण आणि निरोगी लोक यांची तुलना केली. १० टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत ही शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली.

आता दुसरी बाजू. सायकोसिस मुळात विरळ आहे, त्यामुळे पाचपट होऊनही रोज घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो होत नाही. ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया आहे, ते गांज्याकडेही जास्त वळतात असं आनुवंशिक अभ्यासांत दिसतं, म्हणजे कारण आणि परिणाम काही प्रमाणात एकमेकांत मिसळलेले आहेत. आजार सुरू होण्याआधीची अस्वस्थता शमवायला गांजा घेणारेही असतात.

मला यातून धोरणासाठी दोन गोष्टी निघताना दिसतात. घरात कोणाला हा आजार असेल तर गांज्यापासून लांब राहावं, हे प्रत्येक पाकिटावर ठळक छापलं पाहिजे. आणि टीएचसीचं प्रमाण हा धोरणाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. बंदीत त्या प्रमाणावर कोणाचाच ताबा नसतो. मोकळ्या बाजारात तो उत्पादकाचा असतो. मर्यादा घालायची तर नियंत्रण हवं, आणि नियंत्रणाला आधी कायदेशीर चौकट लागते. गंमत अशी की सायकोसिसची भीती मनावर घेतलेला माणूस या वाटेने कडक नियमांखालच्या परवानगीपर्यंत पोचू शकतो.

मुलांची बुद्धी मंदावते का?

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांचा पाठपुरावा होत आला आहे. २०१२ मध्ये त्यातून असं पुढे आलं की किशोरवयात सुरुवात करून पुढेही सोडू न शकलेल्यांचा बुद्ध्यांक ३८ व्या वर्षापर्यंत ८ गुणांपर्यंत घसरला. जगभर मथळे झाले. २०१६ मध्ये अमेरिकेत जुळ्या भावंडांचे दोन मोठे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा गांजा घेणाऱ्याची आणि न घेणाऱ्या जुळ्याची घसरण सारखीच निघाली. म्हणजे घर, शाळा, परिस्थिती यांचा वाटा मोठा असावा.

तरीही मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि किशोरवयातल्या रोजच्या वापराने शिक्षणाची वाट लागते, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. १८ की २१ हा वयोमर्यादेचा वाद यातूनच येतो. कॅनडाची केंद्रीय मर्यादा १८ आहे, बहुतेक प्रांतांनी १९ केली, क्युबेकने २१.

जास्त झाल्याने माणूस मरतो का?

श्वासावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात टीएचसी ज्यांना चिकटतं ते रिसेप्टर फार कमी असतात, म्हणून अफूच्या पदार्थांसारखा श्वास बंद पडून मृत्यू होत नाही. पण घबराट, भ्रम, हृदयाची धडधड, त्या अवस्थेत होणारे अपघात हे सगळं होतं.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांज्याची मिठाई चुकून खाल्ल्याच्या नोंदी विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. कॅनडाने खाण्याच्या पदार्थात पाकिटामागे १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियात एका पाकिटात १०० मिलिग्रॅम चालतं. गोळ्या-चॉकलेटच्या रूपात नशा विकायची परवानगी द्यायचीच कशाला, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

गांजा नैसर्गिक आहे ना?

धोतराही नैसर्गिक आहे.

गांज्यातून पुढे हेरॉईनकडे जातात, हे खरं का?

हेरॉईन घेणाऱ्या बहुतेकांनी आधी गांजा घेतलेला असतो. गांजा घेणारे बहुतेक लोक हेरॉईनपर्यंत कधीच जात नाहीत. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. तंबाखू आणि दारूही बहुधा गांज्याच्या आधी आलेली असते. नेदरलँड्सने १९७६ मध्ये गांज्याला वेगळी वागणूक द्यायला सुरुवात केली ती याच विचाराने, की गांजा विकणारा आणि हेरॉईन विकणारा एकच नसावा.

औषध म्हणून गांज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे का?

काही आजारांत, आणि जाहिरातींपेक्षा बराच कमी.

केमोथेरपीच्या मळमळीवर कृत्रिम टीएचसीचं औषध अमेरिकेत १९८५ पासून आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर तोंडात फवारायचं औषध अनेक देशांत मिळतं. ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालवयातल्या अवघड अपस्मारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. या मुलांच्या आईवडिलांनी केलेला पाठपुरावा हा या वादातला सगळ्यात सच्चा भाग वाटतो.

जुनाट वेदनेबद्दल मतभेद आहेत. नॅशनल अकॅडमीजनी २०१७ मध्ये पुरावा भरीव मानला, तर वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसपीने २०२१ मध्ये सर्वसाधारण वापराला पाठिंबा द्यायचं नाकारलं. झोप, चिंता, कर्करोग ‘बरा करणं’ वगैरे दावे बहुतांशी हवेतले. कर्करोगाचे उपचार सोडून गांज्याचं तेल घेणं जिवावर बेतू शकतं.

आणखी एक गोष्ट, कारण ती समर्थकांच्या भाषणात अजून येते. २०१४ मध्ये एका अभ्यासात दिसलं की वैद्यकीय गांजा असलेल्या अमेरिकी राज्यांत अफूजन्य वेदनाशामकांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू सुमारे २५ टक्के कमी होते. २०१९ मध्ये तीच पद्धत वापरून आकडे २०१७ पर्यंत आणले, तर संबंध उलटा झाला आणि मृत्यू जवळपास २३ टक्के जास्त निघाले. गांज्याने आधी जीव वाचवले आणि मग घेतले, असा याचा अर्थ नाही. राज्याराज्यांच्या सरासऱ्यांवरून असे निष्कर्ष काढायचे नसतात, एवढाच.

कायदेशीर केल्यावर तरुणांत वापर वाढतो का?

अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणांत मोठी वाढ दिसलेली नाही. दुकानदाराला ओळखपत्र मागावं लागतं, काळ्या बाजारात कोणी मागत नाही, हे एक कारण असू शकतं. वाढ दिसते ती प्रौढांत आणि वारंवार वापरणाऱ्यांत. दोन्ही बाजू चुकीच्या वयोगटाकडे बोट दाखवत भांडत असतात.

काळा बाजार संपतो का?

आकसतो. किती, ते कर, दुकानांची संख्या आणि अंमलबजावणी यांवर ठरतं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला विक्री सुरू झाली तेव्हा कायदेशीर माल महाग आणि दुकानं कमी होती. काही वर्षांत बहुसंख्य ग्राहक कायदेशीर दुकानाकडे वळले. कॅलिफोर्नियाने उलटा धडा दिला. निम्म्याहून जास्त शहरांनी आणि काउंट्यांनी दुकानांना परवानगीच दिली नाही, वर करांवर कर बसले, आणि बेकायदा शेती जोरात चालू राहिली. शेवटी जुलै २०२२ मध्ये राज्याने लागवडीवरचा कर काढून टाकला.

इथे पेच आहे. माल स्वस्त केला तर काळा बाजार मरतो पण वापर वाढतो, महाग केला तर उलट. सुरुवातीला कमी कर ठेवून पुढे वाढवत नेणं शहाणपणाचं, पण तोवर उद्योग बलदंड झालेला असतो आणि कर वाढू देत नाही.

सरकारला महसूल मिळतो, हे कारण पुरेसं नाही का?

नाही. महसूल येतो, पण एकूण अंदाजपत्रकात तो किरकोळ असतो, आणि त्याची सवय लागलेलं सरकार वापर कमी करायला निघत नाही. कर लावायचाच तर टीएचसीच्या प्रमाणावर लावावा. इलिनॉयने ३५ टक्क्यांपर्यंतच्या मालाला १० टक्के आणि त्यापुढच्याला २५ टक्के कर ठेवला. दिशा बरोबर आहे, पायऱ्या फारच ढोबळ.

गांजा घेऊन गाडी चालवणाऱ्याला पकडणार कसं?

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. दारूचं रक्तातलं प्रमाण आणि नशा बऱ्यापैकी जुळतात, टीएचसीचं तसं नाही. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते नशा उतरल्यावरही दिवसेंदिवस सापडतं. जर्मनीने २०२४ मध्ये मर्यादा मिलिलिटरमागे ३.५ नॅनोग्रॅम ठेवली, कोलोरॅडोत ती ५ आहे. या आकड्यांमागे तडजोड जास्त आहे. अपघाताचा धोका वाढतो हे नक्की, आणि जोडीला दारू असेल तर फारच.

नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीरच आहे ना?

नाही, तिथे तो खपवून घेतला जातो. परवानगी मिळालेल्या ‘कॉफी शॉप’मध्ये माणशी ५ ग्रॅम मिळतो, दुकानात ५०० ग्रॅमपर्यंत साठा चालतो, जाहिरात आणि दारू चालत नाही. पण दुकानाने तो माल आणायचा कुठून? घाऊक पुरवठा गुन्हाच. पुढच्या दाराने कायदा आणि मागच्या दाराने तस्कर, असं जवळपास अर्धं शतक चाललं. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग इथे परवानाधारक शेतीतून पुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला.

पोर्तुगालने सगळीच ड्रग्ज कायदेशीर केली म्हणतात?

चूक. जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, गांज्यासाठी ही मर्यादा २५ ग्रॅम आहे. सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी एका छोट्या समितीपुढे जातो. तिच्यात कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले लोक बसतात. विक्री गुन्हाच आहे. सोबत उपचारांवर पैसा ओतला हे सांगायचं लोक विसरतात. नुसता कायदा बदलून उपचार न दिल्यास पोर्तुगालसारखे परिणाम मिळायचे नाहीत.

मग कोणता नमुना बरा?

माझा कल उरुग्वेकडे. २०१३ मध्ये अध्यक्ष होसे मुहिका यांच्या काळात तिथे कायदा झाला, तोही तस्करांचा बाजार तोडायचा म्हणून. नोंदणी करावी लागते. घरी ६ झाडं, १५ ते ४५ सदस्यांचा क्लब किंवा औषधाचं दुकान, यातला एकच मार्ग निवडायचा. महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा. जाहिरात नाही. थोडक्यात, कंटाळवाणं करून ठेवलं आहे, आणि तेच हवं. त्रुटीही आहेत. औषधाच्या दुकानांतून विक्री सुरू व्हायला २०१७ उजाडलं, बरीच दुकानं सहभागीच झाली नाहीत, आणि अमेरिकी कायद्याच्या धाकाने बँका या दुकानांची खाती बंद करायला निघाल्या. दुसऱ्या खंडातला कायदा एका छोट्या देशाचा प्रयोग असा अडवू शकतो.

जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि ३ झाडं मान्य केली, तीन महिन्यांनी ५०० सदस्यांपर्यंतचे क्लब आले. १८ ते २१ वयाच्या सदस्यांना महिन्याला ३० ग्रॅम आणि १० टक्क्यांहून जास्त टीएचसी नाही. वयानुसार मालाची तीव्रता ठरवणं ही मला आवडलेली कल्पना आहे.

थायलंडचं काय बिघडलं?

क्रम चुकला. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्री कशी चालावी याचा कायदा संसदेत अडकून राहिला. हजारो दुकानं उघडली. जून २०२५ मध्ये सरकारने फुलोऱ्याच्या विक्रीला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. ज्यांनी दुकानांत पैसे घातले होते ते अर्थातच रस्त्यावर उतरले. एकदा दिलेली मोकळीक परत घेणं किती महागात पडतं, ते तिथे दिसतं. न्यूझीलंडने विधेयकाचा पूर्ण मसुदा आधी प्रसिद्ध केला आणि मग २०२० मध्ये जनमत घेतलं. ५०.७ टक्के लोक नको म्हणाले, ४८.४ हो. निकाल कुठेही गेला असता तरी मतदारांना आपण कशाला मत देतोय हे माहीत होतं.

आंतरराष्ट्रीय करार आड येत नाहीत का?

येतात. १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांपलीकडे गांज्याला परवानगी देत नाही. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बिया मात्र त्याच्या व्याख्येत बसत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा त्यातल्या सर्वांत कडक चौथ्या अनुसूचीतून बाहेर आला. औषधाच्या वापरासाठी ते महत्त्वाचं होतं, बाकी बंधनं तशीच आहेत. कॅनडा आणि उरुग्वे करारात राहून त्याच्या विरुद्ध वागतात आणि त्यांना कोणी विशेष काही केलेलं नाही.

आधी शिक्षा झालेल्यांचं काय?

कायदा करताना हा प्रश्न हटकून शेवटी आठवतो. कॅनडाने २०१९ मध्ये मोफत माफी जाहीर केली, पण अर्ज स्वतः करायचा, कागदपत्रं स्वतः मिळवायची. सरकारच्या अंदाजाने दहा हजार लोक पात्र होते, पहिल्या दोन वर्षांत पाचशेहून कमी लोकांना माफी मिळाली. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा करून जुन्या नोंदी शोधायचं काम राज्याच्याच गळ्यात घातलं, आणि योग्य पद्धत तीच. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय कायद्याखाली गांजा बाळगल्याबद्दलच्या शिक्षा माफ केल्या. त्या वेळी केवळ त्या गुन्ह्यासाठी केंद्रीय तुरुंगात एकही माणूस नव्हता. खटले राज्यांत होतात आणि तिथे अध्यक्षांचा हात पोचत नाही.

न्यूयॉर्कने एक पाऊल पुढे टाकलं. दुकानांचे पहिले परवाने गांज्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना राखून ठेवले. कायदा मार्च २०२१ चा, पहिलं दुकान उघडलं डिसेंबर २०२२ मध्ये. मग वगळले गेलेले लोक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या परवान्यांना स्थगिती आली. राखीव परवाना मिळालेले लोक कर्ज काढून, जागेचं भाडं भरत निकालाची वाट बघत बसले. तोवर शहरात विनापरवाना दुकानं जागोजागी उघडलेली होती.